दांपत्य आणि हेरगिरी : एका सुखात्मिकेचे स्थित्यंतर

जेम्स कॅमेरॉन यांचा ‘ट्रू लाइज’ हा चित्रपट जुलै १९९४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याची चर्चा तेव्हा प्रामुख्याने खर्चाच्या अंगाने झाली. दहा कोटी डॉलरांचा टप्पा गाठणाऱ्या पहिल्यावहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. लढाऊ विमाने, उद्ध्वस्त होणारा पूल, अणुस्फोट असा सारा सरंजाम त्यात आहे. परंतु या सरंजामाच्या आत दडलेले कथानक घरगुती सुखात्मिकेचे आहे. हॅरी टास्कर हा सरकारी गुप्तहेर घरी मात्र संगणक विकणारा सामान्य नोकरदार म्हणून वावरतो. पत्नी हेलन हिला पतीच्या खऱ्या जीवनाची कल्पना नाही आणि तिच्या मनात काय चालले आहे याची त्याला नाही. ही मूळ कल्पना क्लोद झिदी यांच्या ‘ला तोताल’ (१९९१) या फ्रेंच चित्रपटाची. हॉलिवूडमध्ये आल्यावर मात्र ती तेथील दोन जुन्या परंपरांच्या संगमावर उभी राहते. तिचा ऐतिहासिक अर्थ या परंपरांच्या संदर्भातच लावावा लागतो.

पहिली परंपरा सुखात्मिकेची. तत्त्वचिंतक स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, १९३४ ते १९४९ या काळातील काही हॉलिवूडपटांना ‘पुनर्विवाहाच्या सुखात्मिका’ असे संबोधले. मराठी वाचकाच्या मनात ‘पुनर्विवाह’ या शब्दाबरोबर सामाजिक सुधारणेचा इतिहास जागा होतो. येथे मात्र दुरावलेल्या त्याच दोघांनी एकमेकांना नव्याने निवडणे एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. या चित्रपटांचा प्राण म्हणजे संवाद. बरोबरीच्या दोन माणसांनी बोलत, भांडत, सोंगे घेत परस्परांना ओळखणे, हेच त्यांच्या लेखी विवाहाचे स्वरूप आहे. लिओ मॅकॅरी यांच्या ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७) मध्ये नवरा फ्लॉरिडाला गेल्याची थाप मारतो. दिव्याखाली बसून त्वचा रापवून घेतो, पण बायकोसाठी आणलेल्या संत्र्यांवर कॅलिफोर्नियाचा शिक्का असतो. खोटेपणा उघडा पडतो तो अशा क्षुल्लक वस्तूतून, घरातल्या घरात आणि डोळ्यांदेखत.

दुसरी परंपरा हेरपटाची. या प्रकाराला विवाहाचे वावडेच आहे. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) मध्ये जेम्स बाँड विवाहबद्ध होतो आणि विवाहानंतर लगेचच त्याची पत्नी मारली जाते. जणू या प्रकाराचा अलिखित नियमच तिचा बळी घेतो. याहून खोल जाणारे उदाहरण हिचकॉक यांच्या ‘नोटोरियस’ (१९४६) चे. अमेरिकन हेरखात्याच्या सांगण्यावरून ॲलिशिया शत्रुगोटातील पुरुषाशी लग्न करते आणि त्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली चोरते. येथे विवाह हे हेरगिरीचे साधन आहे. परंतु या व्यवहाराची नैतिक किंमत हिचकॉक विसरत नाहीत. तिला या कामगिरीवर धाडणारा प्रियकरही त्यात दोषी ठरतो.

‘ट्रू लाइज’मध्ये हे समीकरण नेमके उलटते. विवाह हेरगिरीचे साधन न राहता हेरगिरीच विवाहाचे साधन बनते. पत्नी परपुरुषाला भेटते आहे या संशयाने हॅरी आपल्या खात्याची सारी यंत्रणा तिच्यावर सोडतो. तिचे दूरध्वनी ऐकले जातात, तिच्यावर पाळत ठेवली जाते आणि अखेर सशस्त्र छापा घालून तिला पकडले जाते. तो ‘परपुरुष’ही गुप्तहेर असल्याची बतावणी करणारा, जुन्या मोटारी विकणारा एक भंपक माणूस निघतो. हा उलटफेर सोव्हिएत संघाच्या विसर्जनानंतर अवघ्या अडीच वर्षांत पडद्यावर यावा, हे अर्थपूर्ण आहे. चार दशके ज्या शत्रूसाठी ही यंत्रणा राखली तो नाहीसा झाला होता. रिकाम्या झालेल्या यंत्रणेची नजर प्रथम घराकडे वळते, असे हा चित्रपट नकळत सांगून जातो.

या स्थित्यंतराचे मोल दोन नृत्यांच्या तुलनेतून स्पष्ट होते. ‘द ऑफुल ट्रूथ’मधील ल्यूसी, नवऱ्याच्या नव्या वाग्दत्त वधूच्या प्रतिष्ठित घरी त्याची बहीण म्हणून शिरते आणि थिल्लर नाच-गाणे करून त्याचे जुळलेले लग्न मोडते. सोंग तिचे, बेतही तिचाच. हेलनही वेश्येचे सोंग घेऊन हॉटेलच्या खोलीत नाचते. पण कारवाईच्या धाकाने, आणि समोर अंधारात बसलेला पुरुष आपलाच नवरा आहे हे तिला ठाऊक नसताना. त्याचा आवाजसुद्धा ध्वनिमुद्रित आणि दुसऱ्याचा आहे. त्याआधीच्या चौकशीच्या दृश्यात तो एकतर्फी आरशाआडून, आवाज बदलून तिला विचारतो : तुझे नवऱ्यावर प्रेम आहे काय? प्रेम असल्याचे ती सांगते. तरी हे उत्तर संवादातून आलेले नाही, ते जबानीतून आले आहे. कॅव्हेल यांच्या सुखात्मिकेचा आत्मा येथे हरपला आहे.

जेमी ली कर्टिस यांच्या अभिनयाने या दृश्यांत संहितेबाहेरचे काही आणले, हे मान्य करावयास हवे. त्या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळाले. आरशावर स्टूल फेकणारी हेलन बळी म्हणून उरत नाही. पुढे अतिरेक्यांनी हॅरीला सत्य वदविणारे औषध टोचल्यावर प्रश्न विचारण्याची पाळी तिच्यावर येते. या दांपत्यातील हा पहिला खरा संभाषणक्षण. पण तोही शत्रूच्या सुईमुळे लाभलेला. तिचे सत्य सरकारी दडपणाखाली निघते, त्याचे रसायनाने. परस्परांना आपण होऊन काही सांगण्याची वेळ दोघांवर येतच नाही.

घरावर रोखलेली ही नजर हास्यास्पद न ठरता क्षम्य ठरावी म्हणून कथेला बाहेरचा शत्रू लागतो. तो अरब अतिरेक्याच्या ठोकळेबाज चित्रातून पुरविला गेला. अरब-अमेरिकन संघटनांनी १९९४ मध्येच त्याचा निषेध केला. ११ सप्टेंबर २००१ नंतर नियोजित उत्तरार्ध सोडून देण्यात आला. त्या शत्रूशी खेळता येईल असे दिवस संपले होते. २०२३ मधील दूरचित्रवाणी मालिकाही एका पर्वातच थांबली.

चित्रपटाच्या अखेरीस हेलन स्वतः गुप्तहेर झालेली दिसते आणि दोघे टँगो नाचतात. आरंभी हॅरीने हाच नाच परस्त्रीबरोबर केलेला असतो. हा शेवट समतेचा म्हणून वाचला जातो, आणि एका अर्थी तो तसा आहेही. मात्र त्या समतेची अट विसरता येत नाही : पत्नीने शासनयंत्रणेत सामील व्हावे तेव्हाच विवाह पुन्हा जुळतो. १९३७ मध्ये दोघांना एकत्र यायला एक घर आणि भरपूर बोलणे पुरेसे होते. १९९४ मध्ये घर उरते ते कामगिरीचा निरोप घेऊन वाजणाऱ्या दूरध्वनीपुरते. सुखात्मिका टिकली, परंतु ज्या विश्वासावर ती उभी होती त्याची जागा पाळतीने घेतली.