राख, चुलीतील

लाकूड, गोवऱ्या किंवा दगडी कोळसा चुलीत अथवा शेगडीत जळून गेल्यावर मागे राहणारा, न जळणारा खनिज अंश. ‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’ या शब्दावरून आला असून मूळ शब्दाचे ‘भस्म’ व ‘संरक्षण’ असे दोन्ही अर्थ आहेत. चूल रोज रिकामी करून राख बाहेर काढणे हे घरकामातील अगदी किरकोळ काम समजले जाते; तथापि विस्तव टिकविणे, भांडी व कपडे स्वच्छ करणे, साबण व काच बनविणे आणि शेतीला खत पुरविणे या साऱ्यांचा धागा शतकानुशतके या कामाशी जोडलेला होता. राख टाकाऊ ठरली ती अलीकडच्या दोन शतकांत.

स्वरूप : सालरहित वाळलेल्या लाकडाची राख त्याच्या वजनाच्या शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. सालीत हे प्रमाण जास्त असते व गोवरीत ते कितीतरी अधिक असते. लाकडाच्या राखेत कॅल्शियमाची संयुगे सर्वांत अधिक असून त्यांखेरीज पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फरस यांची संयुगे असतात. नायट्रोजन मात्र ज्वलनात वायुरूपाने निघून जातो. राख पाण्यात कालविली असता पोटॅशियम कार्बोनेट विरघळून पाणी क्षारधर्मी व बुळबुळीत होते. राखेचे बहुतेक जुने उपयोग या गुणधर्मावर आधारलेले आहेत.

विस्तवाचे जतन : राख उष्णतेची मंदवाहक असून तिच्या थराखाली हवा फारच थोडी पोहोचते. त्यामुळे राखेत पुरलेला निखारा न विझता सावकाश धुमसत राहतो. आगकाड्या प्रचारात येण्यापूर्वी रात्री निखारे राखेने झाकून ठेवणे व पहाटे राख बाजूला सारून, फुंकणीने फुंकून, तोच विस्तव पुन्हा चेतविणे ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत होती. मध्ययुगीन यूरोपात विस्तव झाकण्याची वेळ कळविण्यासाठी संध्याकाळी घंटा वाजविली जाई. संचारबंदी या अर्थाचा इंग्रजीतील ‘कर्फ्यू’ हा शब्द ‘आग झाका’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आलेला आहे. या गुणधर्माची दुसरी बाजू धोक्याची होती. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमध्ये लागलेली मोठी आग पुडिंग लेनमधील एका बेकरीतून पसरली. घरातील केवळ एकाच चुलाण्यात विस्तव होता व तो आपण नीट झाकून ठेवला होता, असे बेकरीच्या मालकाने चौकशीत शपथेवर सांगितले होते. वरून थंड दिसणाऱ्या राखेत दोन-चार दिवसांनंतरही जिवंत निखारे सापडू शकतात. म्हणून काढलेली राख झाकणाच्या धातूच्या भांड्यात, लाकडी वस्तूंपासून दूर ठेवावी लागते.

प्राचीन व मध्ययुगीन उपयोग : मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची व दगडाची पात्रे राख, पाणी व माती यांनी शुद्ध होतात, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार तयार करण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. मुष्कक (मोखा) इत्यादी वृक्ष जाळून मिळालेल्या राखेत सहापट पाणी घालावे, ते एकवीस वेळा गाळावे व मग आटवावे, असा तेथील विधी आहे. त्यात भाजलेले शंख-शिंपले व चुनखडी घालून क्षार तीव्र करण्याची रीतही दिली आहे. चुन्यामुळे कार्बोनेटाचे दाहक हायड्रॉक्साइडात रूपांतर होते, हे तिचे आजचे स्पष्टीकरण होय. रोमन लेखक प्लिनी (इ. स. २३–७९) याने चरबी व राख यांपासून गॉल लोक करीत असलेल्या साबणाचा उल्लेख केला असून बीच वृक्षाची राख त्यासाठी उत्तम मानली आहे. बाराव्या शतकातील थीओफिलस याने काचेसाठी दोन भाग बीचची राख व एक भाग वाळू असे प्रमाण दिले आहे.

व्यापार व रसायनशास्त्र : राखेचे पाणी लोखंडी भांड्यात आटवून मिळणाऱ्या क्षाराला ‘भांड्यातील राख’ या अर्थाचे ‘पोटॅश’ हे नाव पडले. उत्तर अमेरिकेत जंगले तोडून शेती करणाऱ्या वसाहतवाल्यांना पोटॅशपासून रोख उत्पन्न मिळे. ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी दिलेले पहिले एकस्व (पेटंट) सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश बनविण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होते. हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी १८०७ मध्ये दाहक पोटॅशमधून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने एक नवी धातू वेगळी केली. तिचे ‘पोटॅशियम’ हे नाव चुलीतील राखेशी असलेले हे नाते दाखविते. पुढे लब्लां पद्धतीने मिठापासून सोडा तयार होऊ लागला आणि १८६१ पासून जर्मनीत श्टासफुर्ट येथे खनिज पोटॅश लवणांचे उत्पादन सुरू झाले. त्यामुळे राखेला असलेली मागणी ओसरली.

कोळसा व नगरांतील राख : लाकूड राखेच्या पातळ थरावर चांगले जळते, म्हणून लाकडाच्या चुलीतील सर्व राख रोज काढण्याची गरज नसते. दगडी कोळशाला मात्र खालून हवा लागते व त्याची राख जाळीत साठली की आग मंदावते. कोळसा घरोघर वापरला जाऊ लागल्यावर राख काढणे हे रोजचे आणि अटळ काम झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमधील ठेकेदार ही राख गोळा करून चाळीत. बारीक राख विटांच्या मातीत मिसळली जाई व अर्धवट जळालेले तुकडे विटा भाजण्यास वापरले जात. चाळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. हेन्री मेह्यू यांनी या कामगारांचे वर्णन केले असून चार्ल्स डिकिन्झ यांच्या अवर म्युच्युअल फ्रेंड (१८६४-६५) या कादंबरीतील संपत्ती अशाच ढिगांतून आलेली आहे. राख नेण्याच्या हक्कासाठी ठेकेदार प्रारंभी पैसे मोजीत. भाव पडल्यावर ती उचलण्यासाठी त्यांनाच पैसे द्यावे लागू लागले. मालाचा कचरा झाला, तो असा.

महाराष्ट्रातील व्यवहार : महाराष्ट्रात पहाटे चुलीतील राख काढून चुलीला पोतेरे घालणे हा गृहिणीच्या दिनक्रमाचा पहिला भाग असे. चाळलेल्या राखेने व नारळाच्या सोडणाने किंवा काथ्याने पितळेची भांडी घासली जात. गोवरीच्या राखेची राखुंडी दात घासण्यास वापरीत. बियाण्याला कीड लागू नये म्हणून त्यात राख मिसळीत व भाजीच्या रोपांवरही ती भुरभुरीत. उरलेली राख उकिरड्यावर पडून खतात मिसळे व शेतात जाई. कोकणात भाताच्या रोपांची जागा फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून भाजण्याच्या ‘राब’ पद्धतीत तर राख जागेवरच जमिनीला मिळते. घरातील चूल व शेत यांमधील हे देणेघेणे बहुतांशी स्त्रियांच्या श्रमांवर चाले. मात्र धूर व उडणारी राख यांचा त्रासही त्यांनाच सोसावा लागे. वर्धा येथील मगनवाडीत तयार झालेली धुराड्याची ‘मगन चूल’ हा हा त्रास कमी करण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न होय.

सद्यःस्थिती : रॉकेलचे स्टोव्ह व नंतर स्वयंपाकाचा गॅस आल्यावर शहरी घरांतून राख नाहीशी झाली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातही गॅसचा प्रसार वाढला. तरी अनेक घरांत गॅसच्या जोडीला चूल चालू आहे. धुरापासून झालेली सुटका हा निश्चित लाभ होय. त्याबरोबर शेताला मिळणारे पोटॅश व चुना यांचा एक विनामूल्य स्रोत मात्र आटला. आम्लधर्मी जमिनीला लाकडाची राख बेताने दिल्यास आजही उपयोगी पडते. क्षारयुक्त वा चोपण जमिनीत ती घालू नये. रंगविलेले लाकूड, प्लॅस्टिक किंवा कचरा जाळून झालेली राख विषारी घटकांमुळे भांडी व शेती या दोहोंसाठीही वर्ज्य समजावी.