लोणारच्या गाळातल्या तारखा

पाऊस गेला, मागोमाग माणसं गेली. आम्हा बुलढाण्याच्या पोरांना हे सूत्र कुणी शिकवावं लागत नाही. इनामगावबद्दलही बरीच वर्षं हेच सांगितलं गेलं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या गावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात इथे ऐसपैस चौकोनी घरं होती, नदीचं पाणी वळवायला पाट होता. पुढे घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडलं. म. के. ढवळीकरांनी याचं कारण आटत गेलेल्या पावसात शोधलं.

पण जनगणना नसलेल्या काळातली माणसं मोजायची कशी? घरं मोजता येतात, पण झोपडी लहान म्हणजे माणसं कमी असं नाही. दुसरा पुरावा घरांच्या जमिनीखाली आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत तान्ही मुलं पुरलेली सापडली. अशी दफनं जास्त म्हणजे मृत्यू जास्त, असं वाटतं. पण जन्म वाढले तरीही ती वाढतात. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या सांगाड्यांवरून मांडलं की शेवटच्या काळात जन्मदर वाढला होता आणि मुलांची वाढ खुंटत होती.

तिसरा पुरावा आमच्या जिल्ह्यातला. लोणार सरोवराचं पाणी फार आटलं की गाळात गेलुसाईटचे स्फटिक तयार होतात. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली या गाळावरून दोन दीर्घ अवर्षणं दाखवली: साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० आणि इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकापर्यंत. इनामगावची पडझड दोन्हींत बसत नाही.

सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉगमधल्या वेळा जुळवतो. इथे त्या जुळत नाहीत. एखाद-दुसरा वाईट पावसाळा आला असेलच. पण सुमारे नऊशे वर्षं टिकलेलं खेडं मोडायला तेवढं पुरतं का?

आज आमच्याकडे घरांना कुलपं दिसली की दोष पावसावर टाकून आपण मोकळे होतो. घरात खाणारी तोंडं किती होती, ताटात काय पडत होतं, हे विचारायचं राहून जातं. इनामगावच्या तान्ह्या हाडांनी मात्र त्याचीच नोंद ठेवली आहे.