स्थलांतरितांचा मताधिकार, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना मतदानाचा हक्क कोणत्या अटींवर द्यावा, हा प्रश्न वंशभेदाइतकाच वर्गभेदाशीही निगडित राहिला आहे. मूळ संविधानाने मतदाराची पात्रता ठरविण्याचे काम मुख्यतः घटक राज्यांवर सोपविल्यामुळे धोरणात एकवाक्यता नव्हती. शेतजमिनी वसविण्यासाठी माणसे हवी असलेल्या विस्कॉन्सिनने १८४८ च्या संविधानात, नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्या गोऱ्या परदेशी पुरुषांनाही मताधिकार दिला. अशा व्यक्तींस ‘घोषणाकर्ते परकीय’ म्हणत.

याउलट कापडगिरण्यांच्या ऱ्होड आयलंडमध्ये, मताधिकार-विस्तारासाठी टॉमस डॉरने केलेला उठाव (१८४२) मोडून काढल्यानंतर अमलात आलेल्या संविधानानुसार अमेरिकेत जन्मलेल्या पुरुषास वर्षाला एक डॉलर कर भरून मत देता येई, परंतु परदेशात जन्मून रीतसर नागरिक झालेल्यास किमान १३४ डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता दाखवावी लागे. भाड्याच्या घरात राहणारा आयरिश गिरणी कामगार त्यामुळे नागरिक असूनही मतपेटीपासून दूर राहिला. वर्गीय वर्चस्व टिकविण्यासाठी जन्मस्थानाचा इतका उघड वापर क्वचितच झाला असेल. ही अट १८८८ मध्ये रद्द झाली.

परकीयद्वेषाच्या लाटेत घोषणाकर्त्यांचा हक्क राज्याराज्यांतून काढून घेण्यात आला व १९२६ मध्ये आर्कान्सासबरोबर तो संपला. १९९६ च्या कायद्याने संघीय निवडणुकांत अनागरिकांचे मतदान गुन्हा ठरले. मेरिलँडमधील टाकोमा पार्कसारख्या काही नगरांत मात्र स्थानिक निवडणुकांपुरता हा हक्क आजही आहे. न्यूयॉर्क शहराचा तसा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला.