डायलिसिसदरम्यान रक्तदाब का घसरतो? कारणे, प्रतिबंध आणि उपचार

डायलिसिस सुरू असताना रुग्णाचा रक्तदाब घसरणे ही या उपचारातील नेहमी आढळणारी गुंतागुंत आहे. वरचा रक्तदाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरने किंवा त्याहून अधिक उतरला आणि सोबत चक्कर, मळमळ, पेटके किंवा घाम अशी लक्षणे दिसली, तर तातडीने उपचार करावे लागतात. घसरण यंत्रावर असताना होत असली, तरी तिचे मूळ अनेकदा दोन डायलिसिसमधील दिवसांत असते.

कारण काय?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांना लघवी अत्यल्प होते, त्यामुळे प्यायलेले पाणी शरीरात साठत जाते. यंत्र हे पाणी साधारण चार तासांत रक्तातून काढून घेते. रक्तातील ही तूट पेशींभोवतीचे पाणी रक्तवाहिन्यांत येऊन भरून काढते. मात्र त्यासाठी वेळ लागतो. पाणी काढण्याचा वेग भरपाईच्या वेगापेक्षा वाढला की रक्तदाब कोसळतो. मधुमेह, हृदयविकार आणि वाढते वय यांमुळे हा धोका अधिक वाढतो.

वजनाच्या प्रतिकिलो ताशी १३ मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढणे धोक्याचे मानले जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या शरीरातून चार तासांत तीन लिटर पाणी काढल्यास हा वेग १२.५ मिलिलिटर राहतो. चार लिटर काढावे लागल्यास तो १६ मिलिलिटरच्या पुढे जातो.

आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास डायलिसिस ही सर्वसाधारण पद्धत आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत ही सेवा उपलब्ध होऊ लागली. तरीही खर्च आणि अंतर यांमुळे देशातील अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. मधला काळ लांबल्याने अधिक पाणी साठते आणि एकाच वेळी अधिक पाणी काढावे लागते.

दुर्लक्ष का नको?

रक्तदाब वारंवार घसरल्यास हृदयाच्या स्नायूंना पुरेसे रक्त मिळत नाही, मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो आणि हातावरील फिस्टुलात रक्ताची गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. त्रासामुळे डायलिसिस अर्धवट थांबवल्यास उरलेले पाणी पुढच्या वेळच्या भारात मिसळते आणि पुन्हा रक्तदाब घसरतो.

प्रतिबंध कसा करावा?

पहिला उपाय मिठावर नियंत्रण हा आहे. मीठ जास्त झाले की तहान लागते आणि पाण्याचे बंधन पाळणे कठीण होते. दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण टाळावे. मिठाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्षारांत पोटॅशियम असते. ते या रुग्णांसाठी घातक ठरू शकते. वजन रोज एकाच वेळी मोजून नोंदवावे.

रक्तदाबाच्या गोळ्या डायलिसिसच्या दिवशी केव्हा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. त्या परस्पर बंद करू नयेत. डायलिसिसदरम्यान जेवल्यास रक्त पचनसंस्थेकडे वळते, म्हणून ज्यांचा रक्तदाब घसरतो त्यांनी त्या वेळी भरपेट खाणे टाळावे.

साठलेले पाणी निघून गेल्यावरचे वजन, म्हणजे 'ड्राय वेट', डॉक्टरांनी वेळोवेळी तपासणे आवश्यक असते. भूक सुधारून अंगावर मांस चढले आणि जुनाच आकडा कायम राहिला, तर गरजेपेक्षा अधिक पाणी काढले जाते. डायलिसिसचा कालावधी वाढवणे, डायलिसिस द्रावाचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणे आणि काही रुग्णांना मिडोड्रिन हे औषध देणे हे उपाय डॉक्टरांच्या निर्णयानुसार केले जातात.

रक्तदाब घसरल्यास

जांभई येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा अस्वस्थ वाटणे ही सुरुवातीची लक्षणे असू शकतात. ती जाणवताच परिचारिका किंवा तंत्रज्ञाला सांगावे. कर्मचारी पाणी काढणे थांबवतात किंवा त्याचा वेग कमी करतात, रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवतात आणि गरजेनुसार शिरेतून सलाइन देतात. छातीत दुखणे, श्वास लागणे, ताप किंवा बेशुद्धी असल्यास हृदयविकार, जंतुसंसर्ग अशा अन्य कारणांचा तातडीने शोध घ्यावा लागतो.

डायलिसिस संपल्यावर लगेच उभे राहू नये. काही मिनिटे बसून, रक्तदाब मोजूनच निघावे. घरी फिस्टुलावर बोट ठेवून थरथर जाणवते का, हे पाहावे. ती न जाणवल्यास त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा.