भीमगीत (बीड जिल्हा)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांच्या पत्नी रमाई, बुद्ध आणि धम्म यांच्याविषयीच्या ओव्या, शाहिरी पदे, कव्वाल्या आणि ध्वनिफितीवरील गाणी यांना मिळून भीमगीत म्हणतात. येथे गेवराई व माजलगाव या गोदाकाठच्या तालुक्यांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

पूर्वपीठिका : सत्यशोधक जलशांतून आंबेडकरी जलसे निघाले. १९३० नंतर नाशिककडील भीमराव कर्डक यांनी त्यांना आकार दिला. गणेशस्तवनाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले. गवळण गळाली किंवा तिचा आशय बदलला. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगतात. प्रसंगाबाबत एकवाक्यता नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मोलमजुरी करताना प्रौढपणी अक्षरओळख झाली आणि पुढे हजारो गीते लिहून ते गावोगाव गात हिंडले. प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांच्या आवाजाने ही गाणी मंचावरून घराघरांत नेली.

ओव्या : जात्यावरच्या ओव्या हे बीड जिल्ह्याचे खरे धन आहे आणि शाहिरांच्या याद्या करताना तेच सुटते. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे असा त्याचा विस्तार आहे. त्यासाठी १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रण झाले. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणींनी गायलेल्या या ओव्या २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. पहिली, दुसरी, तिसरी असा ओव्यांचा क्रम परंपरेने देवाधर्माला वाहिलेला असतो. इथे त्या मानाच्या जागी भीमराव, रमाई आणि बुद्ध आले आहेत. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती धरायची, जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात. बाबासाहेब यात घरातल्या माणसासारखे येतात : त्यांच्याशी बाई ‘अरे-तुरे’ने बोलते, रमाईचे दुःख सांगते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी बौद्ध धर्मांतराचा अर्थ लावला तो असा, दळता दळता. ओवी ही भीमगीतात धरावी की नाही, असा प्रश्न पडू शकतो. प्रस्तुत नोंदीत ती पायाचा दगड मानली आहे.

नामांतर : २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. सुमारे साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, मूळ नावाला बाबासाहेबांचे नाव जोडून नामविस्तार झाला. या काळातील गाण्यांत शोक आणि आव्हान एकाच चालीत येतात.

तुलना : भीमगीताशी ताडून पाहावे असे संगीत दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथे वर्णभेदी राजवट संपत असताना सोवेटोसारख्या काळ्या वस्त्यांत क्वायटो हे संगीत वाढले : संथ केलेले हाउस संगीत, ठसठशीत ठेका, गाण्यापेक्षा बोलण्याकडे झुकलेले शब्द, तेही वस्तीच्या बोलीतले. आर्थर माफोकाटे, ब्रेंडा फासी, मँडोझा हे त्यातील मोठे कलावंत. गोरा मालक काळ्या माणसाला ज्या शिवीने हाक मारी, तिलाच माफोकाटे यांनी १९९५ च्या गाण्यात जाब विचारला. त्या देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक एप्रिल १९९४ ची, म्हणजे नामविस्ताराच्याच वर्षातली. क्वायटो राजकारण सोडून नाचाकडे वळले, अशी तक्रार तिकडे होते. १४ एप्रिलच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या, डीजेबद्दल इकडे तेच ऐकू येते. दोन्ही तक्रारी अपुऱ्या आहेत. ज्यांना भररस्त्यातून ताठ मानेने चालू दिले जात नव्हते, त्यांनी त्याच रस्त्यावर नाचणे हा आशयच आहे.

सद्यःस्थिती : एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलमुळे सर्वदूर पोचल्या. आदर्श शिंदे हे प्रल्हाद शिंदे यांचे नातू.

वाद्ये : ढोलकी, हार्मोनियम, टाळ, एकतारी.