नालवाडीत कॉफीचं दुकान : कमी पैशात गिऱ्हाईक कसं जोडावं

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत कॉफीचं दुकान टाकताना सगळा पैसा फलकावर घालू नये. गूगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते. तिथे वेळ, फोटो आणि दर टाकावेत. सेवाग्राम, पवनारला येणारे पर्यटकही मोबाईलवर शोधतच येतात. वर्ध्याचा गोरसपाक प्रसिद्ध आहे. कॉफीसोबत तो ठेवावा.

रोजच्या गिऱ्हाइकाला कार्ड द्यावं, दहावा कप मोफत. नऊ कपांच्या पैशात दहा गेले, म्हणजे सूट 10 टक्केच. पण दूध, कॉफी, साखर, गॅस, भाडं धरून एका कपाचा खर्च आधी काढावा. नफा तेवढा नसेल तर कार्ड अंगलट येतं. आणि कॉफी पाणचट निघाली, तर जाहिरातीनं आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही.