मूळ प्रणालीची पुनर्स्थापना आणि बूटलोडरचे कुलूप : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुरुडनजीकच्या जंजिरा किल्ल्याचा दरवाजा होडी तटाला भिडेपर्यंत दृष्टीस पडत नाही. परंतु या दगडी किल्ल्यापूर्वी तेथे कोळ्यांचा मेढेकोट होता व तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने घेतला. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी की, व्यापारी म्हणून आश्रय मागून त्याने मद्याच्या पिंपांतून सैनिक आत नेले. पिंपे बाहेरून व्यापाऱ्याचीच दिसत होती. आत येणाऱ्याची ओळख बाह्य रूपावरून ठरवावी की अंतरंग तपासून, हा प्रश्न मोबाइल संचाच्या सुरक्षिततेच्या इतिहासातही मध्यवर्ती आहे.

संच सुरू होताना मुख्य प्रणालीला स्मृतीत आणून तिच्या हाती सूत्रे देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर होय. प्रत्येक टप्प्याने पुढील टप्प्याची सचोटी पडताळूनच त्यास पुढे जाऊ द्यावे, हे तत्त्व आर्बो, फार्बर व स्मिथ यांनी १९९७ साली ‘एजिस’ या रचनेद्वारे संगणकासाठी मांडले होते. मोबाइलच्या क्षेत्रात मात्र आरंभीचा वाद सुरक्षिततेपेक्षा मालकीहक्काचा होता. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ‘नेक्सस वन’मध्ये, वॉरंटी गमावण्याच्या इशाऱ्यासह, कुलूप उघडण्याची मुभा होती, त्याच वर्षीच्या मोटोरोलाच्या ‘ड्रॉइड एक्स’मध्ये ती नव्हती. ग्राहकांच्या नाराजीनंतर २०११ साली एचटीसीने बूटलोडर कुलूपबंद न ठेवण्याचे जाहीर केले. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली विक्रेत्याकडेच का राहावी, ही ग्राहकांची तक्रार रास्तच होती.

तथापि उघड्या कुलपाची किंमतही मोठी आहे. असा संच परक्या हाती पडल्यास त्यावर बदललेली प्रणाली चढविता येते. म्हणूनच कुलूप उघडताना संचातील खासगी माहिती पुसली जाते. अँड्रॉइड ७.० पासून (२०१६) पडताळणी अधिक कठोर झाली व बिघडलेली प्रणाली सुरू होण्यासच अटकाव होऊ लागला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. निर्मात्याची मूळ प्रणाली पुन्हा बसविली की संच सुरक्षित झाला, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः जुन्या आवृत्तीवरील स्वाक्षरी अस्सल असली तरी त्या आवृत्तीतील ज्ञात दोष तसेच राहतात. स्वाक्षरी कर्ता सांगते, निर्दोषत्व नव्हे. अँड्रॉइड ८.० सोबत (२०१७) आलेल्या पडताळणीत आवृत्तीचा क्रमांक सुरक्षित जागी नोंदवून जुन्या प्रणालीला अटकाव करण्याची सोय झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘पिक्सेल ६’ मालिकेवर अँड्रॉइड १३ बसविल्यावर अँड्रॉइड १२ कडे परतण्याचा मार्ग याच कारणास्तव बंद करण्यात आला.

पुनर्स्थापनेचा क्रमही यावरूनच ठरतो. त्या विशिष्ट संचासाठीची अद्ययावत मूळ प्रणाली संपूर्ण बसवावी, संच नीट सुरू होतो हे पाहावे आणि त्यानंतरच कुलूप लावावे. बहुधा यावेळीही माहिती पुसली जाते. बदललेली प्रणाली आत असतानाच कुलूप लावल्यास पडताळणी फसते व संच सुरूच होत नाही. मग दरवाजा मालकालाही बंद होतो.